कोतवालाची वही

बापाचे नाव आपल्याला रोज सहीपुरते लागते. आजाचे नाव घराच्या नाही तर शेताच्या कागदावर सापडते. पणजाचे नाव पितृपक्षात कोणी विचारले तर आठवून सांगावे लागते, आणि खापरपणजा म्हटले की आपल्यापैकी बहुतेकजण हात टेकतात. राजेरजवाड्यांना बखरी मिळाल्या. विसाव्या शतकाच्या आरंभापासून पश्चिम महाराष्ट्रातील कित्येक ब्राह्मण घराण्यांनी वर्गण्या काढून आपापले कुलवृत्तान्त छापले; त्यांत मूळपुरुषापासून कालपरवा बारसे झालेल्या बाळापर्यंत सर्वांची जंत्री असते. आमच्या कळमेश्वरात मागावर बसणाऱ्याला, संत्र्याच्या बागेत पाणी वळवणाऱ्याला, किंवा औद्योगिक वसाहतीत रात्रपाळी करणाऱ्याला असा ग्रंथ कोण छापून देणार? तथापि त्याचे पूर्वज कागदावर मुळीच नाहीत, असे मात्र समजू नये. ते कोठे आहेत व कोणत्या अवस्थेत आहेत, एवढेच आज सांगावयाचे आहे.

मी इतिहासाचा पदवीधर नव्हे. कामगार संघटनेचे काम करता करता या दप्तरांशी माझी गाठ पडली. पूर्वी कामगार येई तो कापलेल्या पगाराचे गाऱ्हाणे घेऊन. हल्ली निम्मे लोक येतात ते मुलीच्या प्रवेशाचे किंवा मुलाच्या नोकरीचे कागद काखेत मारून. “भाऊ, पन्नासच्या आधीचा कागद पाहिजे म्हणतात. कुठून आणू?” हा त्यांचा प्रश्न. अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५०, अनुसूचित जमातींसाठी ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त जाती व भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१, इतर मागासवर्गीयांसाठी १३ ऑक्टोबर १९६७, अशा तारखा ठरलेल्या आहेत. त्या तारखेच्या अलीकडचा कागद कितीही कोरा करकरीत असला तरी समितीपुढे त्याचे वजन पडत नाही. म्हणजे ज्याचा आजा १९४० साली कोणाच्या तरी शेतावर सालदार होता, त्याने आज आजाला कागदावर उभा करून दाखवावयाचा. मालगुजाराच्या नातवाला हे काम एका दुपारचे असते. सालदाराच्या नातवाच्या यात चपला झिजतात.

परदेशात हा शोध पेन्शनरांचा छंद होऊन बसला आहे. अमेरिकेत जिल्ह्याच्या कचेरीत मृत्युपत्रे, लग्नाच्या नोंदी, जमिनीची खरेदीखते ओळीने लावलेली असतात, आणि खानेसुमारीची घरोघरची पत्रके ७२ वर्षांनी सर्वांना खुली होतात. त्यांच्या १९५० सालच्या खानेसुमारीची पत्रके एप्रिल २०२२ मध्ये अशीच खुली झाली. आपल्याकडे ती वाट बंद आहे. इंग्रजी अमदानीत खानेसुमारीचे तक्ते छापून झाले की घरोघरची पत्रके राखून ठेवीत नसत, आणि १९४८ च्या कायद्याने पुढची माहिती गोपनीय ठरली. आपल्या हाती उरते ते महसुलाचे दप्तर, शाळेचे रजिस्टर आणि कोतवालाची वही.

शोधाला निघण्याआधी गाव नक्की करावे लागते, आणि येथेच पहिली ठेच लागते. जुन्या कागदांत “तहसील कळमेश्वर” असे शोधाल तर काहीच मिळणार नाही. कळमेश्वर हा स्वतंत्र तालुका फार पुढे झाला. त्यापूर्वी येथली गावे काळाप्रमाणे शेजारच्या निरनिराळ्या तहसिलींकडे लागत आलेली आहेत, व दप्तरही त्यांच्या मागोमाग फिरलेले असते. म्हणून मौज्याचे नाव, पटवारी हलका नंबर आणि जमल्यास बंदोबस्त नंबर या तीन गोष्टी आधी कागदावर टिपून घ्याव्यात. एकाच नावाची दोन गावे आपल्या जिल्ह्यात दुर्मीळ नाहीत. आणखी एक गंमत आहे. कित्येक मौज्यांच्या नावापुढे “रिठी” असा शब्द असतो. रिठी म्हणजे उठून गेलेले गाव. घरे नाहीत, माणूस नाही, एखादा मारुती किंवा विहिरीचे खापर उरलेले; पण महसुलाच्या दप्तरात गाव जिवंत आहे आणि त्याचा सारा वसूल होतो. घरातली म्हातारी जे नाव सांगते ते नकाशावर सापडत नाही तेव्हा तिला खोटे ठरवू नये. ती बहुधा रिठीचे नाव सांगत असते.

जमिनीचा कागद मोठा बोलका असतो, पण जमीनवाल्याशीच बोलतो. तिसरे रघूजी भोसले ११ डिसेंबर १८५३ रोजी निपुत्रिक वारले, नागपूरचे राज्य खालसा झाले, आणि १८६१ साली मध्यप्रांत निर्माण झाला. पुढच्या दशकात या जिल्ह्याचा पहिला तीस वर्षांचा बंदोबस्त झाला. भोसल्यांच्या काळी जो पाटील गावचा सारा गोळा करून भरी, तो या बंदोबस्तात गावचा मालकच ठरला आणि मालगुजार म्हणवून घेऊ लागला. वर्धा नदीपलीकडे वऱ्हाडात रयतवारी होती, तेथे ही भानगड नाही. दुसरा बंदोबस्त १८९० ते १८९५ या काळात क्रॅडॉक साहेबांनी केला, तिसरा विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात झाला. प्रत्येक वेळी गाव मोजले गेले, खसरा लिहिला गेला, कोण मालिक मकबुजा, कोण मौरूसी, कोण साधा रयत याची यादी झाली. वाजिब-उल-अर्ज नावाच्या कागदात गावची वहिवाट उतरवून घेतली: गुरे कोठे चरावीत, सरपण कोणी कोठून आणावे, गावच्या नोकरांचा हक्क काय. मालगुजारी ३१ मार्च १९५१ रोजी संपली, आणि १९५४-५५ च्या सुमारास अधिकार अभिलेख तयार झाला. आपल्याकडे वकिलापासून अर्जनविसापर्यंत सगळे ज्याला “अधिकार अभिलेख पंजी” म्हणतात तो हाच. ज्याच्या घराण्याकडे पाऊण एकर का होईना पण मौरूसी जमीन होती, त्याला या कागदांच्या आधारे १८६० च्या दशकापर्यंत सरळ मागे जाता येते.

मागे जाताना आडनावाचा आग्रह मात्र सोडावा. जुन्या कागदांत माणूस असा लिहिलेला असतो: “सखाराम वल्द गोविंदा, जात कोष्टी, साकीन कळमेश्वर.” वल्द म्हणजे अमक्याचा मुलगा. आडनाव बहुतेक ठिकाणी नसतेच. शाळा, गिरणी आणि रेशनकार्ड यांनी ते आपल्याला चिकटवले. आडनाव धरून शोधणारा रिकाम्या हाताने परत येतो, आणि बाप-लेकाची जोडी धरून शोधणाऱ्याला काहीतरी सापडते. एका गावात दोन गोविंदांना दोन सखाराम असतात ही अडचण आहेच. त्या वेळी शेजारच्या खसरा नंबरांवर कोण आहे ते पाहावे, कारण भावाभावांची शेते बहुधा लागून असतात.

आता ज्याला शेतच नव्हते त्याचे काय? गावातला मोठा भाग असा होता. पाडव्याला त्याचे साल ठरे, पुढच्या पाडव्याला ते संपे, आणि या कराराचा कागद होत नसे. कोष्ट्याचा माग घरात असे. त्यावर शेतसारा नाही, म्हणून खसऱ्यात त्याला जागा नाही. सरकारला पैसा देणाऱ्याचेच नाव सरकारने जपून लिहिले, यात नवल करण्यासारखे काही नाही. या सर्वांना सरकारी कागदावर पहिल्यांदा आणणारे पुस्तक म्हणजे कोतवालाची वही. पश्चिम महाराष्ट्रात जन्ममृत्यूच्या नोंदी गाव नमुना चौदामध्ये सापडतात. आपल्याकडे त्यांना कोतवाल बुक किंवा कोतवाल पंजी म्हणतात.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मध्यप्रांत सरकारने जन्ममृत्यूच्या नोंदीचे काम गावच्या कोतवालावर टाकले. कोतवाल बहुधा महार असे. त्याला अक्षरओळख असावी अशी कोणाची अपेक्षा नव्हती. वही त्याच्याजवळ राही, मजकूर गावातला कोणी लिहिता माणूस भरी, आणि ठराविक दिवशी कोतवाल ती काखोटीला मारून पोलीस ठाण्यावर जाई. तेथे तिची नक्कल उतरवून घेतली जाई. पावसाळ्यात नाल्याला पूर आला की नोंद मागे पडे. आठ दिवसांचे जन्म एकाच तारखेवर लिहिलेले दिसले तर त्याचा अर्थ हाच. ज्या माणसाला गावात कोणी ओसरीवर बसवून घेतले नसते, त्याने सांगितलेली जन्मतारीख आज समितीपुढे प्रमाण मानली जाते. त्याच्या स्वतःच्या नोकरीची कथा वेगळीच. अलीकडे त्याचे नाव “महसूल सेवक” झाले, पण चतुर्थ श्रेणीसाठी कोतवालांनी किती वर्षे अर्ज-विनंत्या आणि धरणी केली ती आपण पाहिलेलीच आहेत.

ही वही वाचणे सोपे नाही. जन्माच्या पानावर तारीख, बापाचे नाव, जात, आणि मुलगा की मुलगी एवढेच बहुधा असते. बाळाचे नाव नसते, कारण बारसे व्हायचे असते. म्हणजे आपला आजा तेथे “एक मुलगा” या दोन शब्दांत पडून आहे, आणि तो “एक मुलगा” आपलाच आजा हे आपण दाखवावयाचे. एका कामगाराच्या आजाचे उदाहरण सांगतो. गाव आणि नाव सांगत नाही. शाळेच्या रजिस्टरात आजाचा जन्म १ जुलै १९२९ असा होता. कोतवालाच्या वहीत त्या तारखेला त्या बापाला मूलच नाही. कारकुनाने तेवढ्यावर अर्ज परत केला. आम्ही पुढची-मागची दहा वर्षांची पाने उलटली. त्याच बापाच्या नावावर, त्याच जातीत, १९२६ साली मुलगा, १९२८ साली मुलगी आणि १९३१ साली मुलगा अशा तीन नोंदी मिळाल्या. मग मृत्यूची पाने पाहिली. १९२७ च्या पावसाळ्यात त्या बापाचा एक वर्षाचा मुलगा तापाने गेलेला. घरात मोठी बहीण होती हे म्हातारीला ठाऊक होते. तेव्हा उरला तो १९३१ चा मुलगा, म्हणजेच आजा. शाळेत घालताना त्याचे वय दोन वर्षांनी वाढवले होते इतकेच. नक्कल मिळाली, वंशावळीला जोडली, आणि काम झाले. जन्माची पाने पाहून थांबणारा अर्धेच पाहतो; मृत्यूच्या पानांशिवाय जन्माचे पान लागत नाही.

मृत्यूच्या पानांवर कारणाचा रकाना असतो आणि त्यात बहुतेक ठिकाणी एकच शब्द सापडतो: ताप. प्रांताच्या सरकारी अहवालांतही याची तक्रार आहे, की प्रत्येक मरणाला ताप हेच कारण लिहून येते. पण १८९६-९७ व १८९९-१९०० च्या दुष्काळांची पाने आणि १९१८ च्या इन्फ्लुएन्झाची पाने दुरूनही ओळखता येतात. एरवी गावच्या मृत्यूंचे पान भरायला महिने लागत. १९१८ च्या अश्विन-कार्तिकात एकेका दिवसाच्या नोंदी पानभर जातात. एका घरातून तीन, दुसऱ्यातून चार. अक्षर मध्येच बदललेले दिसले की मनात येते, लिहिणारा माणूसही गेला की काय.

शाळेच्या रजिस्टराला आपल्याकडे दाखल-खारीज म्हणतात, पुण्याकडे जनरल रजिस्टर. त्यात मुलाचे नाव, जात, बापाचा धंदा, शाळा सोडल्याचे कारण असते. “गुरे राखण्यास गेला” असे कारण लिहिलेले एक पान मी पाहिले आहे; तेवढ्या तीन शब्दांत एका पिढीचे शिक्षण आले. जन्मतारखांच्या बाबतीत मात्र गुरुजींच्या सोयीवर फार विसंबू नये. ज्याची तारीख ठाऊक नाही त्याला १ जून नाही तर १ जुलै. त्यामुळे कारखान्यात निम्मे खाते एकाच दिवशी जन्मलेले निघते आणि एकाच दिवशी निवृत्त होते. त्या दिवशी गेटवर हार कमी पडतात.

या सर्व कागदांत बाया कोठे आहेत? कोतवालाच्या वहीत जन्म देणारीचे नाव बहुधा नाही. खसऱ्यात ती नवऱ्याच्या हयातीत नाही. नवरा मेला आणि वारस लहान असला म्हणजे ती अचानक उगवते: “मुसम्मात जानकी बेवा सखाराम.” बेवा म्हणजे विधवा. विधवा होणे हाच तिचा कागदावर येण्याचा मार्ग होता. अपवाद आढळला तो गिरणीचा. नागपूरची एम्प्रेस मिल १८७७ साली सुरू झाली, आणि आसपासच्या खेड्यांतून, आमच्या भागातूनही, माणसे तेथे गेली. गिरण्यांच्या काही खात्यांत बाया काम करीत. बाईला मजुरी द्यायची तर तिचे नाव लिहावे लागते. १९३० च्या मध्यप्रांत प्रसूतिलाभ कायद्याने तर तिच्या बाळंतपणाचाही कागद झाला. १९५२ च्या भविष्य निर्वाह निधी कायद्यानंतर नामनिर्देशनाच्या फॉर्मवर कामगार आपल्या माणसांची नावे, नाते आणि वय स्वतः सांगून लिहवू लागला. हा फॉर्म वंशावळीच्या कामाला किती उपयोगी पडतो हे अनुभवाशिवाय कळणार नाही. दुःख एवढेच की कारखाना बंद पडला म्हणजे यंत्रे मोजून विकली जातात आणि हजेरीपत्रके वजनावर.

मजूर नेणाऱ्याने मजुराची नोंद चोख ठेवली, याचे आणखी मोठे उदाहरण समुद्रापलीकडचे आहे. १८३४ पासून मॉरिशसच्या उसाच्या मळ्यांत जे गिरमिटिये नेले त्यांत मुंबई बंदरातून गेलेली मराठी माणसेही होती. प्रत्येकाला नंबर, बापाचे नाव, वय, जात, गाव, अंगावरची खूण, आणि पुढे पुढे छायाचित्रसुद्धा. ही दप्तरे मोका येथील महात्मा गांधी संस्थेत जपलेली आहेत, आणि तिकडचा मराठी माणूस ती पाहून आपल्या खापरपणज्याचे गाव सांगू शकतो. रत्नागिरीत राहून गेलेल्या त्याच्या भावाच्या वंशजाला तेवढे सांगता येईलच असे नाही. अर्थात मळेवाल्यांना वंशावळीची आवड नव्हती. पळून गेलेला मजूर ओळखू यावा म्हणून ती व्यवस्था होती.

भाटांच्या वह्यांविषयी थोडेसेच सांगतो. काही समाजांत भाट वर्षादोनवर्षांनी येऊन नावे वाचतो व नवी नावे लिहून घेतो. त्याची अलीकडची पाच-सहा नावे सहसा खरी निघतात. त्यापलीकडे गेले की प्रत्येक घराण्याचा मूळपुरुष रजपूत योद्धा निघतो. एकाही घराण्याचा मूळपुरुष सालदार निघाल्याचे मी ऐकले नाही. त्र्यंबकेश्वर, प्रयाग, गया येथील तीर्थोपाध्यांच्या वह्या अधिक भरवशाच्या, कारण त्यांत जाणाऱ्याने स्वतः नावे सांगितलेली असतात. पण यात्रेला जाण्याची ऐपतही सर्वांची नव्हती.

एवढे सगळे हाती आले तरी एका शब्दावर सारे अडू शकते. नागपूर आणि भोवतालच्या गावांत विणकरांची वस्ती मोठी. कोणाच्या कागदावर कोष्टी, कोणाच्या कागदावर हलबा, आणि क्वचित एकाच घरात दोन्ही. लिहिणाऱ्याने जात विचारून लिहिली की मागावर बसलेला पाहून लिहिली, हे कागद सांगत नाही. २८ नोव्हेंबर २००० रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने निकाल दिला, की राष्ट्रपतींच्या यादीतील शब्द जसेच्या तसे वाचावयाचे. चौकशी करून त्यांत भर घालता येत नाही. हजारो घरांवर त्याचा परिणाम झाला. २४ मार्च २०२३ रोजी त्याच न्यायालयाने असे म्हटले, की जमातीच्या चालीरीती व देवदेवक विचारून घेतलेली परीक्षा ही अखेरची कसोटी मानू नये, संविधानापूर्वीच्या कागदाला अधिक वजन द्यावे. त्याच वर्षी निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या समितीने कुणबी नोंदी शोधण्यासाठी दप्तरे उघडविली, तेव्हा खासरा पत्रक, गाव नमुना चौदा, १९५१ चे नागरिकांचे राष्ट्रीय रजिस्टर ही नावे चहाच्या टपरीवर ऐकू येऊ लागली. कागदाचे वजन असे वाढत चालले आहे. माझे म्हणणे एवढेच, की ज्याच्या पूर्वजांना लिहून ठेवण्याची गरज कोणाला वाटली नाही, त्याच्याकडूनच आज सर्वांत जुना लेख मागितला जातो. आणि तो लेख सांभाळण्याची जबाबदारी त्याची कधीच नव्हती, सरकारची होती.

दप्तराची अवस्था काय आहे? काही तहसील कचेऱ्यांनी वह्या यंत्रावर उतरवून घेतल्या, हे चांगले झाले. बाकी ठिकाणी त्या लाल रुमालात बांधलेल्या, कडा झडलेल्या, वाळवीने जाळी केलेल्या आहेत. पान उलटताना हातात भुगा येतो. नकलेच्या अर्जावर “सदर वर्षाची वही जीर्ण असल्याने नक्कल देता येत नाही” असा शेरा मिळतो, आणि कायद्यात जीर्ण पानाला पर्याय नाही. ज्यांना हे काम करावयाचे आहे त्यांनी उन्हाळ्यातच करावे. पावसाळ्यात ओल्या पानांना कोणी हात लावू देत नाही, आणि लावूही नये. म्हाताऱ्या माणसांकडून गावे, सोयरिकी, कोण कोणत्या साथीत गेला हे आधी विचारून घ्यावे, कारण वहीत कोठे पाहायचे हे तीच सांगू शकतात.

वर ज्या आजाचे सांगितले त्याच्या बापाचा जन्मही आम्ही शोधला. म्हातारीच्या सांगण्याप्रमाणे तो दुष्काळात जन्मला, म्हणजे १८९७ किंवा १९०० च्या आसपास. त्या गावची १९१८ पर्यंतची वही आहे, पण सुरुवातीची पाने एकमेकांना चिकटून त्यांची वडी झाली आहे. आणि १९१८ चा जो भाग वाचता येतो त्यात फक्त मरणे आहेत. त्या घराची कागदावरची वंशावळ १९२६ पासून सुरू होते, तापाने गेलेल्या पहिल्या मुलाच्या नोंदीपासून.